खिशातला डीएसपी रेडिओ आणि दूरची एफएम स्टेशनं: हिवाळ्यापासून पावसाळ्यापर्यंतचा अनुभव

अँटेनाच्या बुडाचा सांधा तुटला म्हणून हे लिहायला घेतलं. रेडिओ डीएसपी, म्हणजे आलेला सिग्नल आकड्यांत बदलून चिपमध्येच उलगडणारा; तो चालतोय, बॅटरी टिकते, स्क्रीनवरचे आकडे स्वच्छ दिसतात. पण दूरची स्टेशनं पकडायच्या या छंदाचा सगळा ताण ज्या भागावर येतो तो बोटाच्या पेराएवढा सांधा आहे, आणि पैसे वाचवले आहेत ते नेमके तिथेच. मॉडेलचं नाव देत नाही, कारण या किमतीतल्या बहुतेक छोट्या रेडिओंची रड हीच आहे. दूरची स्टेशनं पकडायचा नाद असलेल्यांना आतली चिप, मेमरी, बँड हे सगळं तोंडपाठ असतं, म्हणून तेही सोडून देतो.

मी चिपळूणला राहतो. गाव खोलगट, पूर्वेला सह्याद्री, बाकीच्या बाजूंनाही डोंगर. एफएमच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, त्यामुळे घरात बसून फारसं हाती लागत नाही. माझ्या ऐकण्याच्या जागा दोन: कुंभार्लीचा घाटमाथा आणि गुहागरचा किनारा. दोन्हीकडे बाइकने जायचं, म्हणून रेडिओ छोटाच हवा होता. साडेचार हजार रुपये मोजताना जिवावर आलं होतं, कारण फोनमध्ये एफएम होतं आणि घरात जुना ट्रान्झिस्टरही होता. पैसे वसूल झाले ते एकाच गोष्टीमुळे. स्क्रीनच्या कोपऱ्यात दोन आकडे दिसतात, एक सिग्नलच्या ताकदीचा आणि दुसरा सिग्नल खरखरीच्या किती वर आहे त्याचा.

ज्यांनी आकडे दाखवणारा रेडिओ वापरलेला नाही त्यांना याचं मोल सांगून पटणार नाही. दूरचं स्टेशन लागतं तेव्हा आधी आवाज येतच नाही. नुसती खरखर किंचित दबते. कानाला वाटतं काहीतरी आहे, पण कान थकला की रिकाम्या जागीही काहीतरी आहे असंच वाटायला लागतं. दुसरा आकडा शून्यावरून तीन-चारवर गेला की तिथे थांबायचं, अँटेना हळूहळू वळवायचा, स्वतःभोवती फिरायचं आणि आकडा कुठे चढतो ते बघायचं. आठ-नऊच्या आसपास शब्द कळायला लागतात. स्टिरिओ बंद ठेवायचं हे वेगळं सांगायला नको. स्टिरिओला सिग्नल फार जास्त लागतो, आणि अशक्त स्टेशन मोनोवर स्वच्छ ऐकू येतं तेच स्टिरिओवर खरखरीत बुडतं.

घाटमाथ्यावर या आकड्यांनी मला जो आनंद दिला तो ९८.३ मेगाहर्ट्झवरचा. पुणे, कोल्हापूर, मुंबई, नाशिक, पणजी, सगळीकडे ही एकच फ्रिक्वेन्सी, सगळीकडे मिर्ची. तेच जिंगल, बरीचशी तीच गाणी. कुंभार्लीच्या माथ्यावरून कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या आत-बाहेर आणि पुणं सव्वाशेच्या आसपास. एफएमचा एक गुण असा की एकाच जागी दोन सिग्नल आले तर ते एकमेकांत मिसळत नाहीत; जो थोडा जोरदार तो दुसऱ्याला पूर्ण गिळतो. त्यामुळे माथ्यावर उभं राहून अंग नुसतं वळवलं की शहर बदलतं. छातीशी रेडिओ धरून उत्तरेकडे तोंड केलं, म्हणजे कोल्हापूर पाठीमागे पडलं, की पुणं वर येतं. वळलं की कोल्हापूर. मधल्या एका कोनात दोघांची झटापट चालते आणि अर्धं वाक्य एका शहराचं, अर्धं दुसऱ्याचं ऐकू येतं.

पण कोणतं शहर कोणतं हे ओळखायचं कसं? गाण्यांवरून नाही, निवेदकावरूनही नाही. जाहिरातींवरून. राजारामपुरीतलं सराफाचं दुकान म्हणजे कोल्हापूर, लक्ष्मी रोडवरचा साड्यांचा सेल म्हणजे पुणं, कॉलेज रोडवरचा क्लास म्हणजे नाशिक, म्हापशाचं फर्निचर म्हणजे पणजी. लोक जाहिरात लागली की स्टेशन बदलतात, मी गाणं लागलं की घड्याळ बघतो आणि जाहिरातीची वाट पाहतो. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे हे सगळं उत्तम चालतं. कोयनेच्या बाजूला दरीत धुकं भरलेलं असतं, थंड हवा खाली आणि उबदार हवा वर, त्या थरावर लहरी वाकतात आणि एरवी जे स्टेशन क्षितिजाखाली असतं तेही ऐकू येतं. ऊन चढलं, धुकं विरलं की तासाभरात आकडे उतरायला लागतात. ही उतरण डोळ्यांनी बघता येते, हे मला या रेडिओआधी माहीत नव्हतं.

मार्च-एप्रिलपर्यंत माझ्या वहीत या रेडिओचा एकच मोठा दोष लिहिलेला होता: आरडीएस नाही. आरडीएस असतं तर स्टेशनचं नाव स्क्रीनवर आपोआप आलं असतं. गुहागरला हा दोष फार बोचला. एप्रिल-मे म्हणजे आपल्या किनाऱ्याचा खरा मोसम. जमिनीवरची कोरडी, तापलेली हवा समुद्रावरच्या दमट, तुलनेने थंड हवेवर पसरते, त्या दोहोंच्या सीमेवर लहरी अडकतात आणि पाण्यालगत शेकडो किलोमीटर जातात. अरबी समुद्र यासाठी जगभर प्रसिद्ध आहे. दुसऱ्या महायुद्धात मुंबईच्या २०० मेगाहर्ट्झच्या रडारवर अरबस्तानच्या किनाऱ्याचे प्रतिध्वनी हजार मैलांहून लांबून आल्याची नोंद आहे. लहरी कुठे अशा लांब जातील याचा अंदाज दाखवणारे हेपबर्नचे इंटरनेटवरचे नकाशे त्या दिवसांत रोज बघावेत. समुद्रावर रंग गडद झाला की सामान आवरायचं आणि किनारा गाठायचा.

पणजीचं १०५.४ गुहागरला चांगल्या दिवशी गावातल्या स्टेशनसारखं लागतं, आणि ते सव्वादोनशे किलोमीटरवर आहे. मंगळूरचं १००.३ पाचशेच्या पुढे. कन्नड ऐकू आलं आणि आकडा बारावर गेला तेव्हा मी वाळूत उभाच राहिलो. आणि एका सकाळी ९५.९ वर इंग्रजी कार्यक्रम. आपल्याकडे साडेसात वाजलेले, तिकडची निवेदिका म्हणाली सहा वाजले. इथे रेडिओपेक्षा मनगटावरचं घड्याळ जास्त कामाला येतं: आपल्यापेक्षा अर्धा तास मागे असेल तर पाकिस्तान, दीड तास मागे असेल तर ओमान किंवा अमिराती. थोड्या वेळाने मस्कतच्या रुवी भागातल्या एका दुकानाची जाहिरात लागली आणि मस्कत पक्कं झालं. साडेसोळाशे किलोमीटरच्या वर, मध्ये फक्त पाणी, आणि माझ्या हातात अर्ध्या मीटरपेक्षाही आखूड अँटेना. आरडीएस असतं तर जाहिरातीची वाट बघत बसावं लागलं नसतं, असं त्या दिवशी ठामपणे लिहून ठेवलं.

ते मत आता तसं राहिलेलं नाही. एका मित्राचा आरडीएसवाला रेडिओ मे महिन्यात शेजारी ठेवून बघितला. आरडीएसचा मजकूर उमटायला सिग्नल बऱ्यापैकी स्वच्छ लागतो. जे स्टेशन ओळखायला आपण धडपडतो ते इतकं अशक्त असतं की त्याच्या स्क्रीनवरही काही येत नव्हतं, आणि जे स्वच्छ लागत होतं त्याची ओळख मला आधीच पटलेली होती. शिवाय आपल्याकडची बरीच स्टेशनं आरडीएस सोडतच नाहीत. त्यामुळे दोषांच्या यादीत आरडीएस खाली गेलं आणि अँटेना एकदम वर आला.

अँटेनाचा सांधा असा आहे: एक छोटा पितळी खोबणीचा तुकडा, त्यात एक आडवा स्क्रू, आणि हे सगळं प्लॅस्टिकच्या खाचेत बसवलेलं. घरी टेबलावर रेडिओ ऐकणाऱ्याला वर्षानुवर्षं काही होणार नाही. पण या छंदात अँटेना दर मिनिटाला वळवायचा असतो: उभा, आडवा, तिरपा. उन्हाळ्याच्या अखेरीस तो सैल झाला आणि मान टाकायला लागला. स्क्रू आवळला की चार दिवस बरा, पुन्हा सैल. जूनच्या सुरुवातीला खोबणीचा एक कान तुटला.

सर्व्हिस सेंटरचा अनुभव संतापजनक. रेडिओ वॉरंटीत होता, बिल होतं, डबा होता. आधी सांगितलं, अँटेना वॉरंटीत येत नाही. बरं, पैसे देऊन द्या म्हटलं. तर उत्तर आलं, “सर, सुटा पार्ट येत नाही, पूर्ण युनिट घ्यावं लागेल.” एका पितळी तुकड्यासाठी साडेचार हजारांचा रेडिओ! स्क्रूचं माप विचारलं तर तेही सांगता येईना. मेलला तेच छापील उत्तर. जो भाग झिजणार हे बनवणाऱ्याला ठाऊक असतं तो सुटा विकायचाच नाही, ही पद्धत मला मान्य नाही आणि मी तसं त्यांना लेखी कळवलं आहे.

मग बाजारपेठेतले रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाले काका. टीव्हीची कामं आता फारशी येत नाहीत, पण काकांनी जुन्या सेटांचा एकही सुटा भाग फेकलेला नाही. त्यांनी रेडिओ उलटा केला, सांधा बघितला आणि “एरियल जाड लावू का?” एवढंच विचारलं. एका मोठ्या टू-इन-वनचा (रेडिओ-कॅसेट प्लेअरचा) अँटेना काढला, त्याच्या बुडाची पट्टी कानशीने घासून खाचेत बसवली, आतल्या तारेला डाग दिला आणि प्लॅस्टिकवर ताण येऊ नये म्हणून मागून धातूची एक चकती घातली. एकशे वीस रुपये. जास्त देऊ केले तर घेतले नाहीत.

आणि हा अँटेना मूळच्यापेक्षा सरस निघाला. पूर्ण ताणला की पाऊण मीटरच्या थोडा वर जातो. असा अँटेना पाव तरंगलांबीएवढा असला की उत्तम चालतो, आणि एफएमसाठी पाव तरंगलांबी म्हणजे ९८ मेगाहर्ट्झला सुमारे ७६ सेंटिमीटर. ८८ ला ८५, १०८ ला ६९. म्हणजे मूळचा अँटेना पूर्ण बँडसाठी आखूडच होता, आणि काकांचा जवळजवळ नेमका. घाटमाथ्यावर त्याच दगडाशेजारी उभं राहून बघितलं तर ९८.३ वर सिग्नलचा आकडा पाच-सहाने जास्त. कांड्या आत-बाहेर करून प्रत्येक फ्रिक्वेन्सीला लांबी जुळवता येते, ती वेगळी सोय. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा: रेडिओ हातात धरूनच ऐका. दगडावर ठेवला की आकडा पडतो, कारण आपलं अंगच अँटेनाची दुसरी बाजू म्हणून काम करत असतं.

मुंबईत मात्र हा लांब अँटेना आत सरकवावा लागतो. दादरला बहिणीकडे पूर्ण ताणला तर जोरदार स्टेशनं स्वतःची जागा सोडून भलत्याच ठिकाणी डोकावायला लागली. शहरात दूरचं काही पकडायची अपेक्षा या रेडिओकडून ठेवू नये.

पावसाळ्याबद्दल थोडंच. मोसमी वारा हवा घुसळून टाकतो, थर राहत नाहीत, समुद्राकडून काही येत नाही. पण वीज गेली की घरातही ऐकून बघा. एलईडी दिवे, चार्जर, इन्व्हर्टर यांचा गोंगाट एफएमवरही असतो. आळीतली वीज गेली की दुसरा आकडा दोन-तीनने वर जातो, आणि एरवी दबलेलं मुंबईचं १०७.१ मला माळ्याच्या खिडकीत जुलैमध्ये मिळालं ते असंच.

विकत घ्यायचा असेल तर दुकानातच अँटेना पूर्ण ताणा, आडवा करा आणि रेडिओ हलवा. मान टाकत असेल तर तो नग घेऊ नका. बाहेरच्या अँटेनाचं छिद्र आहे का तेही बघा, कारण सांधा तुटला तरी तिथून तार जोडून काम भागतं. आकडे दाखवणारी स्क्रीन नसलेला रेडिओ, हजार रुपये कमी असला तरी, या छंदासाठी मी घेणार नाही. आणि आकाशवाणीचं दूरचं स्टेशन लागलं तर तारीख, वेळ, फ्रिक्वेन्सी आणि काय ऐकलं ते लिहून दिल्लीला रिपोर्ट पाठवा. खातरजमा करून क्यूएसएल कार्ड, म्हणजे तुम्ही ते स्टेशन खरंच ऐकलं याची पोच, देण्याची पद्धत आकाशवाणीत आहे.

आता थंडीत मला ९०.४ हवं आहे. म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी आणि बारामतीची वसुंधरा वाहिनी, दोन्ही याच फ्रिक्वेन्सीवर. सामुदायिक रेडिओला सहसा प्रभावी शक्ती (अँटेनातून प्रत्यक्ष बाहेर पडणारी) १०० वॅट आणि मनोरा ३० मीटर एवढीच परवानगी, त्यामुळे कुंभार्लीहून ते अवघड आहे. काकांचा अँटेना, धुक्याची पहाट आणि थोडं पूर्वेला सरकून एखादा उघडा माथा, एवढं जमलं पाहिजे. पाटण, कऱ्हाड किंवा सडावाघापूरच्या पठारावर कुणी ९०.४ ऐकलं असेल तर नेमकी जागा, महिना आणि वेळ खाली लिहा. दोन्हीपैकी कोणतं लागलं आणि ते कशावरून ओळखलं, तेही लिहा.