ई-रिक्षात कोणती बॅटरी टाकावी: एलएफपी, एनएमसी की एलटीओ?

फाट्यावरून तालुक्याला ई-रिक्षा चालवायची म्हटलं की दुकानदार आधी किलोमीटर सांगतो. आपण दोन गोष्टी विचाराव्यात. मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की ही बॅटरी काय करेल? आणि गावच्या लाइनवर ती किती वेळात भरेल?

तिन्ही लिथियमच्याच बॅटऱ्या, फरक आतल्या मालाचा. एनएमसीत निकेल, मँगनीज, कोबाल्ट. वजनाच्या मानाने तिघींत वीज हीच जास्त साठवते, म्हणून लांब पल्ल्याच्या कारला ती शोभते. पण फार तापली की तिच्या धनाग्रातून, म्हणजे सेलच्या प्लस बाजूच्या थरातून, ऑक्सिजन सुटतो आणि आग भडकते. दुपारभर टिनाच्या शेडखाली तापणाऱ्या रिक्षात मी ती टाकणार नाही.

एलएफपीत लोह आणि फॉस्फेट. इथे ऑक्सिजन फॉस्फरसला घट्ट बांधलेला असतो, सहजी सुटत नाही. पॅक थोडा जड होतो, पण रिक्षाला त्याचं काय! चांगले सेल दोन हजारांहून जास्त वेळा भरता येतात. उन्हाने तीही झिजते. तपनातून आल्या आल्या चार्जरला लावू नये.

या दोन्हींत ऋणाग्र, म्हणजे मायनस बाजू, बहुधा ग्रॅफाइटचं असतं, आणि घाईच्या चार्जिंगची खरी अडचण तिथेच आहे. लिथियमला ग्रॅफाइटच्या थरांत शिरायला वेळ मिळाला नाही की ते वरच धातू होऊन बसतं. क्षमता घटते, पुढे शॉर्टही होऊ शकतो.

एलटीओत ग्रॅफाइटऐवजी लिथियम टायटॅनेट असतं. भरताना ग्रॅफाइट दहाएक टक्के फुगतं, टायटॅनेट जवळपास फुगतच नाही. वर लिथियम साचायची भीतीही नाही. म्हणून ती दहा हजारांहून जास्त वेळा भरता येते, आणि भरतेही काही मिनिटांत. फक्त सेल 2.4 व्होल्टचा, वीज एलएफपीच्या निम्म्याच्या आसपास आणि किंमत भारी. शिवाय 5 युनिटचा पॅक 10 मिनिटांत भरायला 30 किलोवॅट लागतात, म्हणजे वावरातल्या 5 एचपीच्या आठ मोटारींएवढा लोड. घरच्या 15 अँपिअरच्या सॉकेटमधून जेमतेम साडेतीन किलोवॅट निघतात. स्टँडजवळ मोठा चार्जर असेल आणि रिक्षा दिवसभर थांबणारच नसेल, तरच एलटीओचा विचार करा.

नाहीतर एलएफपीच घ्या, पण लेबल वाचून. 51.2 व्होल्ट असेल तर 3.2 चे सोळा सेल, म्हणजे एलएफपी. 48.1 दिसलं तर 3.7 चे तेरा, म्हणजे एनएमसी. मग दुकानदार तोंडाने काहीही म्हणो.