वॉशिंग्टन-जेफरसनची पत्रं नि जुने सरकारी कागद नेटवर वाचायचेत? कुठल्या साइटवर काय मिळतं आणि काय नाही

ज्यांना फक्त एकच नाव हवंय त्यांनी फाउंडर्स ऑनलाइन उघडावं, पुढचं वाचलं नाही तरी चालेल. पण कॉलनीच्या काळातली आणि नव्या अमेरिकेच्या सुरुवातीची पत्रं, सनदा, ठराव, तह हे सगळं फुकटात वाचायला मिळेल अशा चार-पाच जागा आहेत, प्रत्येकीची खोड वेगळी, आणि चुकीच्या ठिकाणी शिरलात तर एकतर पुसट अक्षरं लावत बसाल नाहीतर एकोणिसाव्या शतकात कुणीतरी 'सुधारून' छापलेला मजकूर खरा समजून तुमच्या असाइनमेंटमधे टाकाल. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या लोकांच्या पोरांना शाळेत प्रायमरी सोर्स आणा म्हणून सांगतात, इकडे इतिहासात एमए करणारे आहेत, यूपीएससीसाठी अमेरिकन क्रांती वाचणारे आहेत, आणि काही जण नुसतेच रिकामटेकडे उत्सुक असतात (मी त्यातलाच). सगळ्यांना एकच साइट पुरत नाही.

आधी फाउंडर्स ऑनलाइन. अमेरिकेच्या नॅशनल आर्काइव्ह्जने व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीच्या प्रेसबरोबर २०१३ च्या जूनमधे सुरू केलेली साइट. वॉशिंग्टन, अ‍ॅडम्स आणि त्याचं कुटुंब, फ्रँकलिन, जेफरसन, हॅमिल्टन, मॅडिसन, आणि नंतर जोडलेला जॉन जे, एवढ्यांचे मिळून १ लाख ८० हजारांच्या वर कागद टाइप केलेल्या स्वरूपात. यातली मोठी गोष्ट अशी की येणारी आणि जाणारी दोन्ही पत्रं आहेत, म्हणजे वॉशिंग्टनने काय लिहिलं एवढंच नाही तर त्याला कोणी काय लिहिलं तेही. नाव, तारीख, कालखंड सगळं गाळून शोधता येतं. उदाहरणार्थ ऑक्टोबर १७८१ लावा, लेखक इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस, की १७ तारखेचं यॉर्कटाउनचं छोटंसं पत्र मिळेल, चोवीस तास लढाई थांबवूया आणि दोन्हीकडचे दोन-दोन अधिकारी बसवून शरणागतीच्या अटी ठरवूया म्हणणारं. आणि त्याखालीच वॉशिंग्टनचं त्याच दिवशीचं उत्तर, भाषा अगदी अदबीची पण चोवीस नाही, दोन तास, तेवढ्यात तुमच्या अटी लेखी पाठवा. हाच कॉर्नवॉलिस पुढे गव्हर्नर जनरल होऊन आपल्याकडे आला आणि टिपूवरच्या मोहिमेत १७९१-९२ ला हरिपंत फडके नि परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजांबरोबर श्रीरंगपट्टणला होता, त्यामुळे मराठी वाचकाला हा माणूस अगदीच परका नाही.

फाउंडर्सवर जे नाही ते म्हणजे फोटो. मूळ कागद कसा दिसतो हे तिथे कळत नाही, खोडाखोड, समासातली टीप, शाई बदललेली, काही नाही, जे आहे ते संपादकांनी वाचून टाइप केलेलं. हे संपादक लोक साधेसुधे नाहीत, जेफरसनच्या प्रिन्स्टन आवृत्तीचा पहिला खंड १९५० ला आला आणि काम अजून चालू आहे, तेव्हा टायपिंगवर विश्वास ठेवायला हरकत नाही. फक्त काही कागदांवर 'अर्ली अ‍ॅक्सेस' असं लिहिलेलं दिसेल, त्याचा अर्थ छापील खंडापर्यंत ते अजून पोचलेलं नाही, टीपा नाहीत, तपासणी पूर्ण नाही. प्रोजेक्टमधे वापरताना हे लक्षात असू द्या.

आता लायब्ररी ऑफ काँग्रेस, म्हणजे बरोबर उलटा मामला. वॉशिंग्टनचे एकट्याचेच सुमारे ७७ हजार कागद, शिवाय जेफरसन, मॅडिसन, हॅमिल्टन यांचे मोठे संग्रह, आणि सगळे स्कॅन केलेले. इथे शाळकरी वॉशिंग्टनच्या वह्या आहेत, सभ्यतेचे ते ११० नियम त्याने पोरवयात उतरवून काढले तेसुद्धा, आणि युद्धकाळातला खर्चाचा हिशेबही आहे, कारण पगार नको फक्त खर्च द्या असं त्याने काँग्रेसला, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेला, सांगितलं होतं. पण शब्द टाकून शोधायला गेलात तर वैताग येईल. बऱ्याच कागदांचं टायपिंग तिथे नाहीच, सिरीज माहीत पाहिजे, तारीख माहीत पाहिजे, मग एकेक पान उलटत बसायचं. मोबाइलवर तर नादच करू नका. जेफरसनच्या बाबतीत आणखी एक भानगड, १७८५ पासून तो कॉपिंग प्रेस वापरायचा, ओल्या पातळ कागदावर मूळ पत्र दाबून उलटा ठसा घ्यायचा आणि कागदाच्या मागच्या बाजूने सुलट वाचायचा, त्या नकला आता इतक्या फिक्या पडल्यात की स्क्रीनवर धुकं दिसतं. १८०४ पासून त्याने एकाच वेळी दोन पेनं चालवणारं पॉलिग्राफ यंत्र धरलं, त्यामुळे त्यानंतरच्या नकला बऱ्याच स्वच्छ आहेत.

मग फोटो कशाला बघायचे? अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा जेफरसनच्या हातचा कच्चा मसुदा याच लायब्ररीत आहे, अ‍ॅडम्स आणि फ्रँकलिनच्या दुरुस्त्यांसकट. २०१० मधे तिथल्या शास्त्रज्ञांनी वेगवेगळ्या प्रकाशात फोटो काढून दाखवलं की एका जागी त्याने आधी 'प्रजा' या अर्थाचा शब्द लिहिला होता आणि शाई ओली असतानाच तो फासून त्यावर 'नागरिक' लिहिलं. टाइप केलेला मसुदा वाचताना असलं काही कळायला मार्ग नाही.

पण फोटो म्हणजे मूळ, असंही डोळे झाकून धरू नका, आणि हे मला या सगळ्यातलं सगळ्यात मजेदार वाटतं. वॉशिंग्टन विशीत असताना, १७५४-५५ मधे, फ्रेंच-इंडियन युद्धात (म्हणजे फ्रेंच आणि त्यांच्या बाजूच्या तिथल्या मूळ जमातींशी इंग्रजांचं युद्ध) त्याने लिहिलेल्या पत्रांच्या नकलांची वही होती. १७८० च्या दशकात, क्रांती जिंकून जगप्रसिद्ध झाल्यावर, त्याने ती वही परत काढली आणि स्वतःची जुनी वाक्यं सुधारली, व्याकरण नीट केलं, भाषा वजनदार केली, मग ती नव्याने उतरवूनही घेतली. म्हणजे लायब्ररीच्या स्कॅनमधे दिसणारं सुबक अक्षर म्हणजे बावीस वर्षांचा पोरगा नव्हे, पन्नाशीतला जनरल आपल्या पोरवयाला इस्त्री करून बसवतोय. हे कुठे कळतं तर फाउंडर्स ऑनलाइनच्या टीपेत. दोन्ही साइट लागतात ते यासाठी.

एकीवरून दुसरीवर जायची वाट सोपी आहे. फाउंडर्सवर प्रत्येक पूर्ण संपादित पत्राखाली बारीक अक्षरात कागदाचं मूळ दिलेलं असतं. 'डीएलसी' म्हणजे लायब्ररी ऑफ काँग्रेस, 'एमएचआय' म्हणजे मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटी, 'एएलएस' म्हणजे स्वहस्ते लिहून सही केलेलं पत्र, 'आरसी' म्हणजे ज्याला पाठवलं त्याच्याकडे पोचलेली प्रत. डीएलसी दिसलं की तारीख उचला आणि लायब्ररीच्या त्या संग्रहात त्याच तारखेला जा, मोस्टली पाच मिनिटांत सापडतं.

गुगलवरून आलेल्या जुन्या आवृत्त्यांपासून मात्र जपून. जॅरेड स्पार्क्सने १८३४ ते ३७ मधे वॉशिंग्टनचं लेखन १२ खंडात काढलं, ते स्कॅन होऊन सगळीकडे फुकट पडलेलं आहे आणि सर्चमधे पटकन वर येतं. या गृहस्थाने वॉशिंग्टनला शोभेशी भाषा करून दिली. जनरल पुटनमचा उल्लेख वॉशिंग्टनने घरगुती टोपणनावाने 'ओल्ड पुट' असा केला तिथे याने 'जनरल पुटनम' केलं, आणि अमुक रक्कम म्हणजे पिसवाने चावल्यासारखी आहे असं तो वैतागून लिहून गेला तिथे 'आमच्या गरजांना सर्वथा अपुरी' असलं सरकारी वाक्य घातलं. वर कहर म्हणजे वॉशिंग्टनच्या हातच्या, न वापरलेल्या पहिल्या शपथविधी भाषणाच्या कागदाचे तुकडे करून लोकांना ऑटोग्राफ म्हणून वाटले. त्यानंतरची फिट्झपॅट्रिकची ३९ खंडांची आवृत्ती, १९३१ ते ४४, प्रामाणिक आहे, पण तीत वॉशिंग्टनने पाठवलेलीच पत्रं आहेत, आलेली नाहीत.

वाचायला सगळ्यात गोडी कशात आहे विचाराल तर माझं मत मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीच्या अ‍ॅडम्स संग्रहाला. १७९१ ची संस्था, नवरा-बायको जॉन आणि अ‍ॅबिगेलची एकमेकांना लिहिलेली अकराशेच्या वर पत्रं, आणि इथे फोटो आणि टायपिंग दोन्ही एकाच ठिकाणी, म्हणजे अ‍ॅबिगेलचं अक्षर बघत बघत वाचता येतं. १७७६ च्या मार्चमधलं, नवे कायदे करताना बायकांना विसरू नका म्हणणारं पत्र सगळ्यांना माहीत असतं, शाळेतही तेच सांगतात. मी म्हणेन जून १७७५ ची वाचा. त्यात ती फिलाडेल्फियाला काँग्रेसमधे बसलेल्या नवऱ्याला लिहिते की टाचण्या पाठव, इथे टाचण्यांची इतकी बोंब आहे की साडेसात शिलिंगचा माल वीस शिलिंग मोजूनही मिळत नाही, सहा हजारांचं एक बंडल घे. देश जन्माला घालायची चर्चा तिकडे चाललीय आणि घरात टाचण्या नाहीत. लगेच १८ जूनचं पत्र उघडा, आदल्या दिवशी बंकर हिलची लढाई झालेली, क्रांतिकारकांचा पुढारी डॉक्टर वॉरन पडल्याची बातमी तिला कळलीय, तोफा अजून चालू आहेत. मी तर पुढची पत्रं उघडत गेलो आणि जेवायची वेळ टळली. वॉशिंग्टनच्या घरचं असं काही मिळणार नाही, मार्थाने नवऱ्याबरोबरचा पत्रव्यवहार जाळून टाकला, मोजकी दोन-तीन वाचली. जेफरसननेही बायकोची पत्रं ठेवली नाहीत. त्यामुळे नवरा-बायको म्हटलं की अ‍ॅडम्सशिवाय पर्याय नाही.

पत्रं नकोत, नुसते सरकारी कागद हवेत? यूपीएससीवाल्यांनी सरळ येल लॉ स्कूलच्या अ‍ॅव्हलॉन प्रोजेक्टला जावं. दिसायला नव्वदच्या दशकातली साइट आहे, फोटो नाही, टीपा नसल्यासारख्याच, पण १६०६ ची व्हर्जिनियाची सनद, १६२० चा मेफ्लॉवर करार, १६३९ चे कनेक्टिकटचे फंडामेंटल ऑर्डर्स, आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन (अमेरिकेची पहिली घटना), १७८३ चा पॅरिसचा तह, घटना बनवणाऱ्या १७८७ च्या अधिवेशनातल्या मॅडिसनच्या नोंदी, सगळं एकापाठोपाठ एक. मेफ्लॉवर कराराचा मूळ कागद कुठे बघायला मिळेल असं शोधत बसू नका, तो हरवलाय, आपण वाचतो ती नक्कल. १७७८ चा डेलावेअर या मूळ अमेरिकन जमातीशी फोर्ट पिटला झालेला तह मात्र जरूर वाचा, त्याच्या सहाव्या कलमात त्यांना पुढे स्वतःचं राज्य आणि काँग्रेसमधे प्रतिनिधी देता येईल असं चक्क लिहिलेलं आहे. तसं कधीच झालं नाही. काँग्रेसमधे रोज काय चाललं होतं ते बघायचं असेल तर अ‍ॅव्हलॉन पुरणार नाही, लायब्ररी ऑफ काँग्रेसवर काँटिनेंटल काँग्रेसच्या कामकाजाचे ३४ खंड आहेत आणि प्रतिनिधींच्या पत्रांचे २६, आणि खरी भांडणं पत्रांत आहेत, कामकाजात नुसते ठराव.

आतापर्यंतचं सगळं मोठ्या लोकांचं झालं. फाउंडर्सची ही खरी उणीव आहे, तिथे इतर माणूस आला तर कुणातरी बड्याला लिहिणारा म्हणूनच येतो. बेंजामिन बॅनेकर हा स्वतंत्र कृष्णवर्णीय गणिती, त्याने १९ ऑगस्ट १७९१ ला जेफरसनला पंचांगाच्या हस्तलिखितासोबत पाठवलेलं पत्र तिथे आहे, तुम्हीच लिहिलंत ना सगळी माणसं समान म्हणून, मग माझ्या भावंडांना गुलामीत कसं धरता असा सवाल करणारं. ३० ऑगस्टचं जेफरसनचं उत्तर गुळमुळीत आहे, स्वतःच वाचून ठरवा. पण साध्या शिपायाचा आवाज ऐकायचा तर नॅशनल आर्काइव्ह्जच्या कॅटलॉगमधल्या पेन्शन फाइल्स. १८०० साली वॉर डिपार्टमेंटला आग लागून कागद जळाले, त्यामुळे १८३२ च्या पेन्शन कायद्याखाली सत्तरी-ऐंशीतल्या म्हाताऱ्यांना कोर्टात जाऊन तोंडी सांगावं लागलं की मी कुठे लढलो, माझा कॅप्टन कोण, कोणत्या नदीजवळ तळ होता. अशा आणि त्याआधी-नंतरच्या अर्जांच्या मिळून सुमारे ८० हजार फाइल्स आहेत. विधवांनी लग्नाचा पुरावा म्हणून घरच्या बायबलची पानं फाडून जोडलेली सापडतात. फक्त वाचताना एवढं धरून चाला की पन्नास वर्षांनी आठवून सांगितलंय, पैशासाठी सांगितलंय, आणि लिहिलंय कारकुनाने, खाली पुष्कळदा नुसती फुली असते. टायपिंगचं काम स्वयंसेवक हळूहळू करतायत.

तारखांचं एक सांगून ठेवतो, १७५२ च्या आधीच्या कागदावर १७३१/३२ असं दुहेरी साल दिसलं तर चूक समजू नका. इंग्लंडात आणि वसाहतीत तेव्हा वर्ष २५ मार्चला बदलायचं, वॉशिंग्टनचा जन्मही जुन्या हिशेबाने ११ फेब्रुवारी १७३१ आणि नव्याने २२ फेब्रुवारी १७३२.

व्हॉट्सअ‍ॅपवर जेफरसनच्या नावाने सुविचार आला की फाउंडर्सवर इंग्रजी वाक्य अवतरण चिन्हात टाकून बघा. सतत जागरूक राहणं हीच स्वातंत्र्याची किंमत, हे वाक्य त्याच्या नावावर जगभर फिरतं आणि त्याच्या लेखनात ते नाही.

पैसे भरायचे का? घरबसल्या वाचणाऱ्याने तरी नाही. ज्या आवृत्त्या पैसे देऊन मिळतात त्यांचाच मजकूर फाउंडर्सवर फुकट आहे, आणि पेन्शन फाइल्सही काही वंशावळवाल्या साइट सबस्क्रिप्शन घेऊन दाखवतात, त्याच कॅटलॉगवर तशाच मिळतात. अपवाद एकच, १७७५ च्या आधीच्या वसाहतींच्या गव्हर्नरांनी लंडनला पाठवलेले रिपोर्ट. ते लंडनमधल्या क्यू या भागातल्या ब्रिटिश नॅशनल आर्काइव्ह्जमधे 'सीओ ५' या वर्गात आहेत, डिजिटल स्वरूपात पैसे भरणाऱ्या संस्थांनाच उघडतात, तेव्हा पीएचडीच्या लेव्हलचं काम असेल तर आधी तुमच्या युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत विचारा आणि मगच विषय पक्का करा.