श्रीरमणाश्रम, तिरुवण्णामलै : आत्मविचारासाठी राहायला जाणाऱ्यांसाठी

तमिळनाडूतील तिरुवण्णामलै येथील श्रीरमणाश्रमात राहायला जाणाऱ्या बहुतेक मराठी साधकांची अशी अपेक्षा असते की, तेथे कोणीतरी समोर बसवून ध्यान शिकवील. ती अपेक्षा तेथे पूर्ण होत नाही, आणि आश्रमाविषयी लिहिताना हे सर्वांत आधी सांगणे मला आवश्यक वाटते. तेथे दीक्षा दिली जात नाही, शिबिर भरत नाही आणि साधकाची प्रगती कोणी विचारीत नाही. १४ एप्रिल १९५० रोजी रमण महर्षींनी देह ठेवल्यानंतर आश्रमाचा कारभार त्यांच्या बंधूंच्या वंशजांनी पुढे चालवला, परंतु गुरुपदावर कोणीही बसले नाही. जे शिकायचे ते महर्षींनी सांगून ठेवले आहे, आणि ते करून पाहण्यासाठी शांत जागा, वेळेवर सात्त्विक भोजन व निवारा आश्रम पुरवतो. आत्मविचाराच्या, म्हणजे ‘मी कोण?’ असा स्वतःचाच शोध घेण्याच्या, साधनेला याहून अधिक कशाची गरज नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

येथील खरे स्थान म्हणजे जुना हॉल. महर्षी वीस वर्षांहून अधिक काळ ज्या कोचावर बसत आणि रात्री ज्यावरच निजत, तो कोच तेथे आहे व त्यावर आता त्यांचे मोठे छायाचित्र ठेवलेले आहे. खोली लहान आहे. भिंतीला टेकून बसण्याच्या जागा लवकर भरतात, त्यामुळे पहाटे गेलेले बरे. तेथे कोणी बोलत नाही. आपण डोळे मिटून बसतो, तोच छपरावर मोर एवढ्या कर्कश आवाजात ओरडतो की अंग दचकते, आणि पाठोपाठ बाहेरच्या हमरस्त्यावरून बसचा भोंगा ऐकू येतो. मन लगेच कुरकुर करू लागते. नेमका येथेच विचाराचा उपयोग होतो : हा त्रास कोणाला झाला? ‘मला’ असे उत्तर आतून आपोआप येते. मग हा ‘मी’ कोण आणि तो उठतो कोठून, एवढ्याकडेच लक्ष वळवायचे. मोराला हाकलायचे नाही आणि आवाजाशी भांडायचेही नाही. ‘मी कोण?’ हा जपायचा मंत्र नव्हे, असे महर्षी पुनःपुन्हा सांगत. प्रश्नाचे शब्द केवळ लक्ष वळवण्यापुरते असतात, आणि लक्ष एकदा अहंवृत्तीच्या, म्हणजे ‘मी’ या भावनेच्या, उगमाकडे वळले की त्यांचे काम संपते.

‘हृदय’ या शब्दावरून नव्या साधकांचा जो गोंधळ उडतो, त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण आश्रमाच्या ग्रंथालयात वा पुस्तकांच्या दालनात चाळताना तो हमखास समोर येतो. आपले विद्वान शिष्य गणपती मुनी यांच्या प्रश्नांना उत्तरे देताना महर्षींनी हे हृदय छातीच्या उजव्या बाजूला असल्याचे सांगितले होते, आणि रक्ताभिसरण करणाऱ्या डाव्या बाजूच्या अवयवाशी त्याचा संबंध नाही, हेही स्पष्ट केले होते. एवढे वाचून अनेक जण छातीच्या उजव्या बाजूवर चित्त एकाग्र करीत बसतात. महर्षींनी मात्र त्या जागेवर ध्यान करण्यास सांगितले नव्हते. देहाला ‘मी’ मानणाऱ्या माणसाला देहाच्याच भाषेत दिलेले ते उत्तर होते. हृदय म्हणजे ‘मी’ जेथून उगवतो आणि जेथे मावळतो ते मूळ, आणि त्याचा शोध हाच विचार. १९१५ च्या त्यांच्या प्रसिद्ध संस्कृत श्लोकात हृदयात शिरण्याचे मार्गही हेच सुचवतात : स्वतःचा शोध घेत, खोल बुडी मारून किंवा प्राणाची गती आवरून. आजकाल आपल्याकडच्या शहरांतून हृदयध्यानाच्या नावाखाली संगीत लावून छातीत प्रकाश कल्पायला लावणारी सशुल्क सत्रे होतात. त्यांतून मनाला विसावा मिळत असेल, पण कल्पना करणारा कोण, हा प्रश्न तेथे विचारलाच जात नाही, आणि म्हणून ती साधना वेगळी आहे.

सायंकाळी महर्षींच्या समाधीपुढे वेदपारायण होते आणि त्यात महर्षींचे ३० श्लोकांचे उपदेशसारही म्हटले जाते. संस्कृतची थोडी ओळख असलेल्या मराठी माणसाला त्याचा अर्थ लागत जातो, ही मोठी सोय आहे. मन हृदयस्थानी स्वस्थ होणे हेच कर्म, हीच भक्ती, हाच योग आणि हेच ज्ञान, हा त्यातील दहाव्या श्लोकाचा आशय तेथे बसून ऐकताना मनात घर करतो. वारकरी घरात वाढलेल्या माणसाला हे स्थान परके वाटण्याचे कारण नाही. देवाचे पाय जेथे नाहीत अशा जागी माझे पाय उचलून ठेव, असे नामदेवांना सुनावणाऱ्या विसोबा खेचरांची कथा महर्षी भक्तांना आवडीने सांगत, आणि नामदेवांच्या नामविचाराविषयी त्यांना विशेष आदर होता. विचार न साधणाऱ्याने नाम घ्यावे, शरण जावे; दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पोहोचतात, ही त्यांची भूमिका होती.

भोजनाची व्यवस्था उत्तम आहे. सकाळी सातला न्याहारी, साडेअकराला दुपारचे जेवण, सायंकाळी साडेसातला रात्रीचे. जमिनीवर पंगत, पुढ्यात पत्रावळ, आणि त्यावर भात, सांबार, रसम, ताक. दुपारच्या पंगतीपूर्वी साधू व गरिबांना अन्न दिले जाते, हा जुना परिपाठ आजही पाळला जातो. खोल्या साध्या व स्वच्छ असतात. वातानुकूलन किंवा खोलीत आणून दिलेला चहा अशी अपेक्षा ठेवणाऱ्यांनी गावातील हॉटेल पाहावे.

आश्रमाच्या मागून दगडी पायवाट अरुणाचल या डोंगरावरील स्कंदाश्रमाकडे चढते. १९१६ ते १९२२ या काळात महर्षी तेथे राहिले, आणि त्याआधी त्याहून खालच्या विरूपाक्ष गुहेत. गुहेतला अंधार आणि उष्णता काही जणांना सोसत नाही, पण माझ्या मते एकाग्र बसण्यासाठी ती जुन्या हॉलपेक्षाही सरस आहे. पाण्याची बाटली बरोबर न्यावी; खाण्याचे पदार्थ मात्र नेऊ नयेत, माकडे हिसकावून घेतात.

निवासासाठी आधी ई-मेलने अर्ज करून होकार मिळवावा लागतो आणि पहिल्या वेळी मुक्काम मोजक्या दिवसांचाच मिळतो. शुल्क आकारले जात नाही. देणगी ऐच्छिक आहे. बेंगळुरूहून किंवा चेन्नईहून रस्त्याने सुमारे २०० किलोमीटर अंतर आहे. पौर्णिमेला अरुणाचलाच्या सुमारे १४ किलोमीटरच्या प्रदक्षिणेसाठी लोटणारी गर्दी आणि कार्तिक दीपोत्सवाचे दिवस हे दर्शनासाठी अपूर्व असले, तरी शांत बसण्यासाठी योग्य नव्हेत. एप्रिल-मेमध्ये दगड इतके तापतात की अनवाणी चालणे कठीण होते. जानेवारी-फेब्रुवारीत, पौर्णिमा टाळून, जावे आणि ध्यानाबाबत काही अडले, तर ग्रंथालयात महर्षींचे संवाद वाचावेत.