शेणखताचं ‘लायसन्स’ विकणाऱ्यांपासून सावध

इंदूरच्या सांवेर रस्त्यावरच्या एका गोठ्यात तीन गड्यांसाठी ‘शेणखत हाताळणी प्रमाणपत्र’ घेतलं गेलं. माणशी ४,५०० म्हणजे १३,५०० रुपये गेले आणि हाती आले लॅमिनेट केलेले तीन कागद. पैसे गेले ते गेलेच, पण त्या ‘ट्रेनिंग’मध्ये जे शिकवलं ते जास्त घातक आहे.

सुरुवात फोनने होते. “भाईसाहब, लायसेंस नहीं लिया तो निगम का चालान बनेगा.” शहरातले गोठे हलवलेले ज्यांनी पाहिलेत, त्यांना निगम (महानगरपालिका) म्हटलं की धडकी भरतेच. मग व्हॉट्सअॅपवर अमेरिकेतल्या एका प्रमाणपत्राचा फोटो येतो. तो खोटा नसतो, खरी मेख तिथेच आहे. आयोवा राज्यात पैसे घेऊन दुसऱ्याच्या शेतात शेणखत टाकणाऱ्यांना असं प्रमाणपत्र लागतं, पण तो आयोवाचा कायदा झाला. आपल्याकडे शेण भरणाऱ्या गड्याला सक्तीचं वैयक्तिक लायसन्स नाही. पिशव्या भरून सेंद्रिय खत विकायचं असेल तर १९८५ चा खत नियंत्रण आदेश लागू होतो, पण तो विकणाऱ्याला आणि मालाला.

ट्रेनिंग म्हणजे चाळीस मिनिटांचा व्हिडिओ आणि दहा प्रश्न. नापास कोणीच होत नाही.

त्यात ताजं शेण थेट गांडुळांच्या वाफ्यात टाकायला सांगतात. ताजं शेण तापतं, त्यातून अमोनिया सुटतो, गांडुळं पळतात किंवा मरतात. शेण आधी पाणी मारत १५ ते २० दिवस मुरू द्यायचं आणि आत हात घातल्यावर गार लागलं की मगच गांडुळं सोडायची. वाफा तीन फूट रुंद, दीड फूट उंच. ओलावा एवढाच की मूठ दाबली तर गोळा व्हावा, पाणी ठिबकू नये. मे महिन्यात वर छप्पर आणि वाफ्यावर ओलं बारदान नसेल तर सगळं फुकट. वाफा मेला की तीच मंडळी ‘कल्चर’, म्हणजे नवी गांडुळं, विकायला हजर. किलोच्या भावात घेताना गांडुळं किती आणि शेण किती हे पाहून घ्या, वजन बहुतेक शेणाचंच भरतं.

दुसरं, ‘पावडर टाका, २१ दिवसांत खत’. हे इंदुरात विकलं जावं ही गंमतच. ब्रिटिश शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इथेच काम करून ‘इंदूर पद्धत’ बसवली. पालापाचोळा आणि शेणाचे थर, तीन वेळा पालटणं, तयार व्हायला साधारण तीन महिने. ढीग पालटला नाही तर आत हवा पोचत नाही, मधला भाग सडून घाण मारतो आणि कडेच्या तणाचं बी जिवंत राहतं.

सगळ्यात वाईट म्हणजे स्लरीचा, म्हणजे शेण-पाण्याच्या पातळ काल्याचा, खड्डा. व्हिडिओत गडी तोंडाला कापडी मास्क लावून आत उतरतो. असं कधीही करू नका. साचलेली स्लरी ढवळली की हायड्रोजन सल्फाइड हा विषारी गॅस एकदम सुटतो. तो हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी बसतो. आधी कुजक्या अंड्यासारखा वास येतो, प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं. वास गेला म्हणजे गॅस गेला असं नव्हे. कापडी मास्क गॅस अडवत नाही. उपसा बाहेरून पंपानेच करायचा. कोणी आत पडलं तर मागोमाग उडी मारू नका, १०१ ला (अग्निशमन दलाला) फोन लावा. अशा खड्ड्यांत वाचवायला गेलेलाच दुसरा बळी ठरतो.

खरं शिकायचं असेल तर कस्तूरबाग्रामच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेतल्या अल्पमुदतीच्या प्रशिक्षणाला उमेदवाराकडून फी घेत नाहीत, त्यामुळे त्या योजनेच्या नावाने कोणी पैसे मागितले की तिथेच थांबा. प्रमाणपत्रावरचा क्यूआर स्कॅन करून पाहा. या तिन्ही कागदांवरचा क्यूआर कुठल्याशा फुकट ड्राइव्हवरची पीडीएफ उघडत होता. आणि पैसे गेले होते एका माणसाच्या खासगी यूपीआयवर.

पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, यूपीआयचा बारा आकडी व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा. जितका उशीर, तितकी रक्कम गोठवली जाण्याची आशा कमी. आणि रागाच्या भरात ते कागद फाडू नका, चॅट डिलीट करू नका. तक्रारीला तेच लागतात.