लेमोनेड बेरी: दोन कोरड्या उन्हाळ्यांनंतरचा अनुभव

अमेरिकेतल्या सॅन डिएगोच्या किनारपट्टीवर वर्षाकाठी सरासरी १० इंचांच्या आसपासच पाऊस पडतो आणि तोही बहुतेक हिवाळ्यात. म्हणून घरामागच्या उतारावरची हिरवळ काढून तेथे लेमोनेड बेरीची दोन झुडपे लावली. शास्त्रीय भाषेत रूस इंटेग्रिफोलिया म्हटले जाणारे हे सदाहरित सुमाक (रूस प्रजातीतल्या झाडाझुडपांचे इंग्रजी नाव) दक्षिण कॅलिफोर्निया आणि मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत रानात आपोआप वाढते.

पहिले वर्ष निराशेचे वाटण्याची शक्यता आहे, कारण मुळे खोल जाईपर्यंत झुडूप वर फारसे सरकत नाही. दुसऱ्या पावसाळ्यानंतर, म्हणजे इथल्या हिवाळ्यानंतर, जाड, चामड्यासारख्या पानांनी ते झपाट्याने भरले. पाण्याबाबत मात्र महाराष्ट्रातून आणलेली सवय सोडावी लागते. लागवड पहिल्या पावसाच्या तोंडावर करावी, पहिल्या उन्हाळ्यात क्वचित पण खोलवर पाणी द्यावे आणि पुढे हात आखडता घ्यावा. तापलेली चिकणमाती सतत ओली राहिली की मुळे कुजतात. तहानेने मरण्यापेक्षा अशा मायेने मरणारी झुडपेच अधिक असावीत, असा माझा संशय आहे.

फेब्रुवारीपासून फिकट गुलाबी फुलांचे घोस आले आणि त्यांवर मधमाश्यांची गर्दी झाली. फळे मात्र एकाच झुडपाला धरली. नर आणि मादी फुले बहुधा वेगवेगळ्या झुडपांवर असल्यामुळे फळांसाठी एकच रोप आणणे हा जुगार आहे. तांबूस, चपट्या फळांवरचा चिकट थर आमसुलासारखा आंबट लागतो. ती थंड पाण्यात भिजवून, फडक्यातून गाळून, साखर घातली की उत्तम सरबत होते. गरम पाणी वापरल्यास तुरटपणा उतरतो. हे झुडूप आंबा, काजू आणि बिब्ब्याच्या कुळातले असल्याने ज्यांना आंब्याचा चीक बाधतो त्यांनी आधी जपून चव घ्यावी.

छाटणी ते निमूट सोसते, त्यामुळे कुंपण म्हणूनही चालेल. गोठवणाऱ्या थंडीत मात्र कोवळे शेंडे करपतात. एस्कॉन्डिडोसारख्या किनाऱ्यापासून आतल्या, अधिक तापणाऱ्या आणि अधिक गारठणाऱ्या भागात राहणाऱ्यांनी याऐवजी त्याचेच भावंड असलेले शुगर बुश, म्हणजे रूस ओवाटा, निवडावे. उन्हाळ्यातले ठिबक त्यालाही मानवत नाही.