‘फिटिंग झालं, इथं सही करा’: पॉवर वीडरच्या खरेदीत मला कसं गंडवलं

नवं म्हणून विकलेलं, आतून जुनं आणि जोडतानाच बिघडवलेलं एक पॉवर वीडर, म्हणजे मागे चालत तण काढायचं छोटं मशीन, माझ्या गळ्यात मारलं गेलं. किंमत 52 हजार रुपये. पैसे अजून परत मिळालेले नाहीत. विकणारा एजंट यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा-दिग्रसकडच्या गावांमधून अजून फिरतोय असं कानावर येतं, म्हणून सगळं तपशिलात लिहितोय.

मशीन घ्यायची वेळ का येते ते आपल्या भागात कुणाला सांगायला नको. कपाशी चार फुटांवर, जुलैत झड लागली की केना आणि लव्हाळा कपाशीच्या डोक्यावर जातो. डवरणीला बैलजोडी गावात बोटावर मोजण्याइतक्या. निंदणाला बाया मिळतात त्या सोयाबीनवाल्यांनी आधीच ठरवलेल्या. अशात तालुक्याच्या कृषी प्रदर्शनात कुणी मागे चालायचं मशीन दाखवलं, की माणूस थांबतोच.

तिथलं प्रात्यक्षिक बघण्यासारखं होतं. आधीच वखरलेली, पाणी मारून भुसभुशीत केलेली दोन वाफ्यांएवढी जागा, त्यात मशीन लोण्यातून सुरी जावी तसं चाललं. आपल्या काळ्या मातीत, दोन पावसांच्या मधल्या उघडीपीत, वर पापुद्रा धरलेल्या वावरात ते कसं चालेल हे कुणी विचारलं, तर एजंट हसून म्हणाला, “भाऊ, सात एचपी आहे. डोंगर फोडते.”

त्यानंतर सबसिडी. “तुम्ही आज बुकिंग करा, पूर्वसंमती मी मागून काढून देतो, पन्नास टक्के खात्यात.” इथं थांबून एक गोष्ट नीट समजून घ्या. कृषी यांत्रिकीकरणाचं अनुदान राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवरून मिळतं. आधी अर्ज, मग निवड, मग पूर्वसंमती, आणि पूर्वसंमती हातात आल्यावरच खरेदी. त्यानंतर जीएसटीचं बिल अपलोड करायचं, कृषी विभागाचा माणूस मशीन पाहून जातो, आणि पैसे आधार जोडलेल्या खात्यात येतात. अल्पभूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना 50 टक्के आणि इतरांना 40 टक्के, तेही ठरलेल्या कमाल रकमेपर्यंत. मशीन सरकारमान्य संस्थेत तपासलेलं असावं लागतं. खरेदी आधी आणि संमती मागून, असा रस्ताच नाही. तो सांगणारा माणूस एक तर अडाणी किंवा लबाड, आणि हा अडाणी नव्हता.

पैसे त्याने यूपीआयवर मागितले, दुकानाच्या नाही, एका व्यक्तीच्या नंबरवर. म्हणाला, दुकानाचं खातं मर्यादेत अडकलंय.

मशीन पिकअपमधून खोक्यात आलं. सोबत पाना-पक्कड घेतलेला एक पोरगा. खरी फसवणूक इथून सुरू झाली, आणि ती शेतकऱ्याला सहसा कळत नाही, कारण आपण खोक्याकडे बघतो, जोडणीकडे नाही.

पॉवर वीडर खोक्यात अर्धवट सुटं येतं. हँडल, पात्यांचे दोन्ही संच, मागचा खोलीचा दांडा, बाजूचे मडगार्ड, सगळं जागेवर बसवायचं असतं. इंजिनात तेल भरलेलं नसतं, बहुतेक वेळा गिअरबॉक्सही कोरडा असतो. त्या पोराने मशीन हँडलवर मागे टेकवलं आणि तशाच तिरप्या इंजिनात तेल ओतलं. डिपस्टिक, म्हणजे तेल बघायची कांडी, काढून दाखवली, तेल लागलेलं होतं. तिरप्या इंजिनात ते लागणारच. या छोट्या पेट्रोल इंजिनांना साधारण 600 मिलिलिटर तेल लागतं. ते बघायचं तर मशीन सपाट जमिनीवर सरळ उभं पाहिजे, आणि डिपस्टिक आटे न फिरवता नुसती आत घालून काढायची.

दोरी ओढली, इंजिन सुरू होईना. पोराने इंजिनाच्या खालच्या अंगाची एक पिवळी वायर ओढून काढली, टोकाला टेप गुंडाळला आणि पुन्हा दोरी मारली. लगेच सुरू. “सेन्सर आहे भाऊ, फालतू असतो, सगळे काढूनच टाकतात.” ती वायर तेल कमी झालं तर इंजिन बंद पाडणारी होती. इंजिन त्याच्या भाषेत सांगत होतं की तेल कमी आहे. पोराने त्याचं तोंड दाबलं.

क्लचच्या लिव्हरचं असंच. हँडलवरची ती लिव्हर दाबून धरली तरच पाती फिरतात आणि हात सुटला की थांबतात. यातली केबल घासून लांबलेली होती, लिव्हर दाबली तरी पूर्ण ताण येत नव्हता. नवी केबल टाकायच्या ऐवजी पोराने लिव्हर बाइंडिंग वायरने हँडलला आवळून टाकली. “बोटं दुखत नाहीत मग दिवसभर.” मडगार्ड बसवलेच नाहीत, म्हणे तणात अडकतात. अर्धी पाती उलट्या बाजूने लावली. मशीन पुढे जाताना पात्याची जी कड आधी मातीत शिरते, ती धारेची पाहिजे. उलट लागली तर मशीन खोदत नाही, उड्या मारतं.

मग डांबरी रस्त्यावर दहा-एक मिनिटं चालवून दाखवलं आणि एक कागद पुढे केला. “फिटिंग झालं, इथं सही करा.” तेल किती भरलं, कोणतं भरलं, सुरक्षेचे भाग लावले की नाही, सगळे रकाने कोरे. म्हणाला, ऑफिसात भरतो. सही नाही दिली तर वॉरंटी चालू होत नाही, हेही त्यानेच सांगितलं.

पहिला फटका माझ्या पुतण्याला बसला. तुरीच्या तासाच्या टोकाला, धुऱ्याजवळ, मशीन वळवायला त्याने रिव्हर्स टाकला. मागे गेल्या वर्षीच्या पऱ्हाटीचा ठोंब, पाय त्यात अडकला. त्याने हात सोडले, पण लिव्हर बांधलेली, पाती फिरतच राहिली आणि पँटचा घोळ आत गेला. शेजारच्या वावरात कीटकनाशक फवारणारे काका धावत आले आणि त्यांनी लाल बटण मारलं. पायात जाड बूट होते म्हणून पोटरी खरचटण्यावर निभावलं. चपलेवर असता तर मला हे लिहायचं सुचलं नसतं. ती तार मी तिथंच पकडीने तोडली.

मशीन मात्र फार दिवस टिकलं नाही. भर दुपारी इंजिनातून खट्ट आवाज आला आणि दोरी जागची हलेना. तालुक्याच्या मिस्त्रीकडे नेलं. त्याने साइड कव्हर उघडलं, मला जवळ बोलावलं. पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचा खालचा भाग क्रँकवर घासून वितळल्यासारखा चिकटलेला. या इंजिनांत तेलाचा पंप नसतो, रॉडच्या तळाचा छोटा चमचा फिरताना तेल उडवतो, त्यावरच सगळं चालतं. तेल त्या चमच्यापर्यंत पोचलंच नाही तर रॉड जातोच. आणि हे सांगणारी वायर काढलेली.

मग त्याने सायलेन्सरच्या भोकात बोट घातलं आणि माझ्यासमोर धरलं. पेरभर काळी काजळी. “भाऊ, हे इंजन नवं नाही न. कोनं तरी रंगवून देल्लं तुमाले.” कारखान्यात इंजिन थोडं चालवून बघतात, त्याने हलकी काळपट झाक येऊ शकते, पण असा थर नाही. बोल्टच्या डोक्यांवरही रंग चढलेला, पान्याने तो पापुद्र्यासारखा निघत होता. ब्लॉकवर ठोकलेला इंजिन नंबर ग्राइंडरने घासलेला, त्यावर स्टिकर.

स्टिकरवर लिहिलं होतं 170 एफ, 7 एचपी. मिस्त्रीने पिस्टन काढून व्हर्निअर लावला, बोअर म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास भरला 68 मिलिमीटर. या इंजिनांच्या नंबरात पहिला 1 म्हणजे एक सिलिंडर, पुढचे दोन आकडे म्हणजे बोअर, आणि एफ म्हणजे हवेवर थंड होणारं. 170 एफ असतं तर बोअर 70 मिलिमीटर आणि इंजिन 212 सीसीचं. हातात होतं ते 168 एफ, 196 सीसी. काळ्या मातीत ते धापा का टाकत होतं तेही कळलं. एअर फिल्टरच्या वाटीत तेल नव्हतं, गिअरबॉक्समध्ये जे होतं ते काळं, पाण्यासारखं पातळ.

दुकानाला फोन केला. आधी, “साहेब बाहेरगावी आहेत.” मग, “तेल न टाकता चालवलं, वॉरंटी बसत नाही.” त्यांनी व्हॉट्सॲपवर तोच कागद पाठवला. आता सगळे रकाने भरलेले. तेल 600 मिलिलिटर, सेन्सर चालू, मडगार्ड बसवले, ग्राहकाला प्रशिक्षण दिलं. खाली माझी सही. हा सगळा खेळ त्या सहीसाठी होता.

बिलाचं तर सांगायलाच नको. माझ्या हातात होतं ते ‘डिलिव्हरी चलन कम बिल’. त्यावरचा जीएसटी नंबर कृषी सहायकांनी मोजला, 14 अक्षरं. खरा नंबर 15 अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातला 27 ने सुरू होतो, आणि जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की दुकानाचं नाव समोर येतं. मोबाइलवर जेमतेम मिनिटाचं काम.

आता कुणी असं मशीन घेत असेल तर माझं स्पष्ट मत आहे: पूर्ण पैसे आणि सही, दोन्ही द्यायचं ते जोडणी झाल्यावर आणि मशीन आपल्या वावरात, आपल्या मातीत चालवून दाखवल्यावरच. चालू करण्याआधी सपाट जागेवर इंजिनाचं तेल बघा, गिअरबॉक्सचं झाकण उघडून बघा. लिव्हर सोडल्याबरोबर पाती थांबली नाहीत तर मशीन ताब्यात घेऊच नका. कागदाचा एकही रकाना कोरा असेल तर तुम्ही स्वतः त्यावर रेघ मारा आणि सहीआधी फोटो काढा. इंजिन नंबर ब्लॉकवर ठोकलेला असतो, बिलावर तोच लिहून घ्या. जोडणीचा व्हिडिओ कुणीतरी काढायला ठेवा. पोरगं बिचकलं तर बिचकू द्या.

मशीन चांगलं निघालं तरी पहिलं तेल 20 तासांनी बदलावं लागतं, पुढे दर 100 तासांनी. पात्यात गुंतलेलं तण काढताना नुसतं इंजिन बंद करून भागत नाही, स्पार्क प्लगची टोपी काढून ठेवायची. पाती हाताने फिरवताना इंजिन उसळी घेऊ शकतं. गरम इंजिनात पेट्रोल ओतायचं नाही. हंगाम संपला की टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामा करा, आताच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला पाणी धरायची खोड आहे. आणि रिव्हर्स टाकण्याआधी मान वळवून मागे बघा, दर वेळी.

मी आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, नंतर जिल्हा ग्राहक आयोगात. 2019 च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, विकणाऱ्याच्या गावी जावं लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची. यूपीआयचा पुरावा, चलन, व्हॉट्सॲपचा तो भरलेला कागद आणि मिस्त्रीचं लेखी म्हणणं जोडलंय. सुनावणी बाकी आहे.

नोटीस गेल्यापासून तोच एजंट गोड आवाजात फोन करतोय. “मशीन पाठवून द्या भाऊ, फुकटात नवं इंजिन टाकून देतो.” देणार नाही. आयोग वस्तू तपासणीला पाठवू शकतो, आणि ते घासलेल्या नंबराचं, 68 च्या बोअरचं इंजिन हाच माझा सगळ्यात मोठा पुरावा आहे. तुमच्यावर अशी वेळ आली तर उघडलेलं इंजिन जोडू नका, सुटे भाग गोणीत भरून तोंड शिवा आणि दोन पंचांच्या सह्या घेऊन घरातच ठेवा.