.४५० बुशमास्टर एआर-१५वर: अकरा महिने, सव्वाचारशे गोळ्या

जाड गोळीची हौस होती, म्हणून मी आधी .४५० बुशमास्टर हे काडतूस निवडलं (गोळीची जाडी सुमारे ०.४५ इंच) आणि रायफलीचा विचार नंतर केला. क्रम उलटा झाला. पहिले तीन महिने त्याचीच फेड करण्यात गेले.

घरी ५.५६ मिमीच्या बारीक काडतुसाची एआर-१५ ही सेमी-ऑटो रायफल होतीच. लोअर (चाप आणि मॅगझिनचा खालचा भाग) तोच ठेवला, वर .४५० बुशमास्टरचा २० इंची नळीचा अपर (नळी आणि बोल्टचा वरचा भाग) चढवला. दोन पिना काढायच्या, दोन बसवायच्या, पाच मिनिटांचं काम. इतकं सोपं असल्यामुळेच माणूस फसतो.

या काडतुसामागची कल्पना नेमबाजीवर लिहिणाऱ्या जेफ कूपर यांची. २५० यार्डांपर्यंतचं मोठं जनावर एका गोळीत पाडेल अशी .४४ किंवा त्याहून जाड गोळीची सेमी-ऑटो रायफल त्यांना हवी होती, आणि तिला त्यांनी ‘थंपर’ म्हटलं. टिम लेजेंडर यांनी त्यावरून काडतूस घडवलं. रायफली बनवणाऱ्या बुशमास्टरने आणि काडतुसं बनवणाऱ्या हॉर्नडीने ते २००७ साली बाजारात आणलं. २५० ग्रेनची (सुमारे १६ ग्रॅमची) गोळी २० इंची नळीतून सेकंदाला २,२०० फुटांनी सुटते, म्हणजे नळीच्या तोंडाशी २,६८० फूट-पौंडांच्या आसपास ऊर्जा. कागदावर झकास.

आता बोल्टकडे, म्हणजे काडतुसामागून नळी बंद करणाऱ्या तुकड्याकडे या. .२२३ (५.५६चं जुळं काडतूस) घ्या. त्याच्या केसची, म्हणजे पितळी टरफलाची, बुडाकडची कड ०.३७८ इंचाची, .४५०ची ०.४७३ इंचाची, म्हणजे .३०८ या मोठ्या काडतुसाइतकी. बोल्ट मात्र एआर-१५च्याच मापाचा. बोल्टचं तोंड रुंद केलं की भोवतीचा पोलादी काठ बारीक होणारच. .२२३ला ५५,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाब चालतो आणि .४५०ची मर्यादा ३८,५०० आहे, त्यामुळे मी सुरुवातीला निर्धास्त होतो. मग एका रात्री कागद-पेन्सिल घेऊन बसलो. .४५०च्या केसचं बूड अर्ध्या इंचाचं, .२२३चं ०.३७६. क्षेत्रफळ जवळजवळ पावणेदोन पट. ढोबळ गुणाकार केला तरी बोल्टवरचा रेटा .२२३पेक्षा पाव पटीने जास्तच निघतो. ज्यांना घरी काडतुसं भरताना ‘अजून जरा तिखट’ करायची खुमखुमी असते, त्यांनी हा हिशेब एकदा स्वतः करून बघावा.

पण खरा धडा मिळाला तो मचाणावर. हरीण सत्तर यार्डांवर आडवं उभं. नेम धरला, चाप ओढला आणि टक्क. बस्स, टक्क. नळी सुरक्षित दिशेला धरून अर्धा मिनिट थांबलो, मग काडतूस काढलं. प्रायमरवर (काडतुसाच्या बुडातल्या ठिणगीच्या टोपीवर) खड्डा होता, पण नख लावून बघावा इतका उथळ. हरीण केव्हाच पसार.

मी त्या टोपीवर आपटणाऱ्या फायरिंग पिनला शिव्या घातल्या. दोष माझाच होता. या केसला खांदा नाही, म्हणजे ते तोंडाकडे एकदम अरुंद होत नाही. चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकातल्या खोबणीत) ते अडतं ते स्वतःच्या तोंडाच्या कडेवर, पिस्तुलाच्या .४५ एसीपी काडतुसासारखं. मी घरी भरलेल्या काडतुसांना गोळी घट्ट बसावी म्हणून रोल क्रिम्प केला होता, म्हणजे तीच कड आत वळवली होती. घरी अपर उघडून बोल्ट बाहेर काढला आणि कारखान्यातलं काडतूस चेंबरमध्ये सोडलं. टुणकन आवाज करून जागेवर थांबलं. माझं सोडलं तर गुपचूप आणखी आत सरकलं, नखाच्या जाडीएवढं. तेवढ्याने पिनचा मार हलका पडत होता. टेपर क्रिम्पवर (कड न वळवता नुसती किंचित आवळणं) आलो आणि त्यानंतर एकदाही टक्क झालं नाही.

माझ्या मित्राकडे .४५८ सोकॉम या दुसऱ्या जाड काडतुसाची एआर-१५ आहे. त्या काडतुसाच्या केसला लहानसा का होईना खांदा आहे, त्यामुळे ही भानगड नाही, आणि साध्या ५.५६च्या मॅगझिनमधूनही त्याचं काम छान चालतं. पण अमेरिकेतल्या मिशिगनसारख्या राज्यांनी काही भागांत रायफलीने हरणाच्या शिकारीला सरळ भिंतीच्या केसची अट घातली (तिथे लांबी १.१६ ते १.८० इंच), तेव्हा तो खांदाच आडवा आला. .४५०चं केस १.७० इंचाचं, बरोब्बर बसलं. ते एवढं खपलं त्यामागे हा नियम मोठाच आहे.

मॅगझिनने मला बराच काळ छळलं. ही जाड काडतुसं आत एकेरी रांगेत बसतात. साध्या फॉलोअरवर (मॅगझिनमध्ये काडतुसं वर ढकलणाऱ्या पट्टीवर) ती नाक खाली घालून अडकायची, दर दहांत एकदा तरी. .४५०साठीचा फॉलोअर असलेलं मॅगझिन घेतलं आणि प्रश्न मिटला. तीस गोळ्यांच्या डब्यात आता नऊ मावतात. शिकारीला मी पाचचंच नेतो.

रिकामी केसं सुरुवातीला पुढच्या बाजूला भिरकावली जायची, तोंडं चेपलेली. एच-२ बफर (बोल्टमागचं जास्त जड वजन) टाकल्यावर ती मागे उजवीकडे, एका घोंगडीवर मावतील इतक्या जागेत पडू लागली. धक्का बारा बोअरच्या शॉटगनच्या मध्यम काडतुसासारखा. चाळीस गोळ्यांनंतर पुरे वाटतं.

शंभर यार्डांवर नेम बसवला तर दोनशेवर गोळी आठ-नऊ इंच खाली जाते. दीडशेपलीकडे मी झाडतच नाही. दोन हरणं मिळाली, एक नव्वदवर आणि एक एकशे तीसवर, आणि कुणाचाच फार माग काढावा लागला नाही.

ज्यांना याहून दणकट हवं, त्यांनी एआर-१५ ओढूनताणून मोठी करत बसू नये. .३०८च्या मापाच्या एआरचा बोल्ट मुळातच ०.४७३चा असतो. ब्राउनिंग बीएआर ही शिकारी रायफल तर .३३८ विंचेस्टर मॅग्नम हे दणकट काडतूसही पचवते, सात लगांच्या (कुलूप लावणाऱ्या दातांच्या) फिरत्या बोल्टवर. ही ओढाताण जुनीच आहे म्हणा. विंचेस्टरने १९१० साली .४०१ची सेल्फ-लोडर काढली तेव्हा बोल्टला कुलूपच नव्हतं, नुसत्या वजनावर धक्का पेलायचा. तो बोल्ट हातात घेतला की लोखंडाचा ठोकळा उचलल्यासारखं वाटतं.

तीनशे दहाव्या गोळीला एक्स्ट्रॅक्टरच्या (रिकामं केस ओढून काढणाऱ्या आकड्याच्या) ओठाचा टवका उडाला. कोणत्या कंपनीचा ते सांगत नाही, कारण एका नगावरून काय बोलणार. नवा टाकला. तेव्हापासून दर पन्नास गोळ्यांनी भिंग घेऊन बोल्टचे लग तपासतो, कोपऱ्यांत बारीक चीर दिसते का ते. अजून दिसलेली नाही. तरी पिशवीत जादा बोल्ट, हेडस्पेस (बंद बोल्टपुढे काडतुसाला मिळणारी मागेपुढची जागा) आधीच तपासून घेतलेला, तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवलाय.